पायरीवर बसलेली थोरली

मी अंगणवाडी सेविका म्हणून लागले ते 1998 साल. आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. मुरमाड रान, पावसाचा भरवसा नाही. म्हणून दसरा सरला की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याला जातं आणि पाडव्याच्या मागंपुढं परत येतं. अंगणवाडीला तेव्हा इमारत नव्हती. मारुतीच्या सभामंडपात आम्ही लेकरं बसवायचो. वरच्या आढ्याला वजनकाटा टांगलेला, कोपऱ्यात पाण्याची घागर, मध्ये एक सतरंजी. देवळामागं तीन दगडांची चूल आणि तिच्यावर खिचडी.

पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. कारखान्यावरून माणसं परतली होती. रोज सकाळी एक मुलगी यायची, आठेक वर्षांची. कडेवर दीड वर्षाचा भाऊ. ती आत यायची नाही, सभामंडपाच्या खालच्या पायरीवर बसायची. आत गाणी सुरू झाली की तिचे ओठ हलायचे, हातवारे मात्र करता यायचे नाहीत, कारण हातात भाऊ. खिचडी वाढली की मदतनीस मावशी एक वाटी तिच्याकडं न्यायच्या. ती घास कुस्करून भावाला भरवायची, फुंकर घालून घालून. शेवटी वाटीला लागलेलं बोटानं पुसून स्वतः खायची.

मी एक दिवस विचारलं, "तू शाळेत का जात नाहीस गं?"

"जाते की. नाव हाय दुसरीत."

"मग आज?"

तिनं भावाकडं पाहिलं. "ह्याला कोन सांभाळील?"

आईबाप दोघंही कामाला. कारखान्यावर होती तेव्हाही कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, हीच भाकरी थापायची आणि हीच याला सांभाळायची, हे मला नंतर कळलं. शाळा देवळापासून हाकेच्या अंतरावर होती. घंटा वाजली की ती मान वळवून तिकडं बघायची. ते बघणं माझ्या डोळ्यांपुढून आजही जात नाही.

नियम सांगायचा तर दीड वर्षाचं लेकरू माझ्याकडं बसवायचं नव्हतं. शाळापूर्व शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना, त्याहून धाकट्यांना घरी न्यायचा आहार आणि लसीकरण. मी मावशींशी बोलले. त्या विधवा, वयानं माझ्याहून पुष्कळ मोठ्या, पाच लेकरं वाढवलेल्या. म्हणाल्या, "पंचवीस सांभाळतो, तिथं सव्विसावं काय जड हाय?" दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला म्हटलं, याला इथं ठेव आणि शाळेत जा.

वाटलं तितकं ते सोपं नव्हतं. तो नऊ दिवस रडला. नुसतं रडणं नाही, धाप लागेपर्यंत. बहीण वर्गातून पळत यायची, गुरुजी रागवायचे. शिवाय अंगणवाडीची वेळ आणि शाळेची घंटा एकच. भावाला सोडून, त्याची समजूत घालून ती पोचायची तेव्हा हजेरी झालेली असायची. मी अर्धा तास आधी येऊन सतरंजी टाकायला लागले. त्या अर्ध्या तासात ती त्याच्याजवळ बसायची, मण्यांची परात पुढं ओढायची, त्याचा हात मण्यांत गुंतला की हळूच उठायची. दहाव्या दिवशी त्यानं मान वर केली, बहीण गेलेली पाहिली आणि परत मण्यांत हात घातला.

त्या धाकट्याचं दर महिन्याचं वजन माझ्या रजिस्टरात आहे, लसीही आहेत. थोरली दुसरीत नियमित बसायला लागली, हे मात्र मी कुठं लिहू? मासिक अहवालात किती लेकरं हजर, किती आहार वाटला, किती कमी वजनाची, हे सगळं भरायचं असतं. एका लेकराला अंगणवाडीत बसवलं म्हणून घरातलं दुसरं लेकरू मोकळं झालं, आणि आईला दुपारपर्यंत खुरपणीला जाता आलं, याला त्यात जागा नव्हती. सव्वीस-सत्तावीस वर्षं मी ते अहवाल भरते आहे. या कामाचा मोठा फायदा त्या कागदांच्या बाहेर राहिला, असं माझं मत दर वर्षी पक्कं होत गेलं.

पुढं प्रशिक्षणात बालशिक्षणाचं काम केलेल्या अनुताई वाघांचं 'कोसबादच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र हाती आलं. रात्री दिवे लागल्यावर मी ते वाचून काढलं. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं. वस्तीतली लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आलेला. पुढं कोसबादला त्यांनी विकासवाडी उभी केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी, म्हणजे धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला शिकता यावं. हे वाचताना मला रडू आलं. माझी पायरीवरची थोरली त्यांना कितीतरी आधी दिसली होती, आणि त्यांनी तिच्यासाठी शाळेची सगळी मांडणीच बदलली होती.

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारनं अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 33 ठिकाणी सुरू केली. आपल्याकडं मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी. तिथून ती आमच्या डोंगरापर्यंत आली. 2006 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की देशात 14 लाख अंगणवाड्या झाल्या पाहिजेत, आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस लेकरं आहेत तिथं लोकांनी मागितली तर तीन महिन्यांत द्यायला पाहिजे. आमच्या गावापासून दोन किलोमीटरवर एक बंजारा तांडा आहे. तिथली लेकरं ओढा ओलांडून माझ्याकडं यायची, पावसाळ्यात तर येतच नव्हती. पुढं तांड्यावर मिनी अंगणवाडी झाली. तिथली सेविका तांड्यातलीच, लेकरांशी गोरमाटीत बोलणारी. माझ्याकडं जी लेकरं महिनोन् महिने गप्प बसायची, ती तिच्याकडं पहिल्या दिवशी बोलली. मी त्यांच्या बोलीतले चार शब्द शिकले होते, याडी म्हणजे आई, असे. तेवढ्यानं लेकरू रडायचं थांबतं, पण गोष्ट सांगायला लागत नाही. तिच्याकडं ते सांगायला लागलं.

लोक अंगणवाडीला खिचडीची शाळा म्हणतात. खिचडीचं मोल मला कळतं. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला दिवसाला 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं द्यायची असं बरीच वर्षं ठरलेलं होतं. ज्या घरात सकाळी चहात बुडवून शिळी भाकरी मिळते, त्या लेकराला दुपारच्या ताटानं उभं धरलेलं मी पाहिलंय. शिवाय एका सतरंजीवर गावातली सगळ्या आळ्यांची लेकरं एकाच पातेल्यातलं खातात. पहिल्या वर्षी एका आजीनं नातवाला वेगळं बसवा म्हणून सांगितलं होतं. मी बसवलं नाही. चार दिवस तो आला नाही, पाचव्या दिवशी स्वतःच पळत आला, कारण त्याचा खेळगडी इथं होता. आजी पुन्हा काही बोलल्या नाहीत.

पण खिचडीआधीचे दोन तास लोकांना दिसत नाहीत. त्या दोन तासांबद्दल मला सांगायचंय.

एका वर्षी एक साडेचार वर्षांचा मुलगा होता. आईबापाबरोबर दोन हंगाम कारखान्यावर जाऊन आलेला. गोलात बसायचा, पण तोंडातून शब्द नाही. रंग विचारा, फळं विचारा, चित्र दाखवा, नुसता बघत राहायचा. पर्यवेक्षिका बाईंनी त्याच्या नावापुढं पेन्सिलनं मंद अशी खूण केली. मला ते लागलं. एके दिवशी पावसानं आम्ही आतच होतो. दोघा-तिघांनी शेजारच्या परसातून तुराट्या आणल्या होत्या. हा पोरगा उठला, दहा तुराट्या घेतल्या, चिंधीनं मधोमध गाठ मारली आणि भिंतीला उभी केली. मग दुसरी. मग दोन पोरांना हाक मारली, "ए, वाढं तोडा की! गाडी यील आता." मोळी कशी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत कशी टाकायची, सगळं त्यानं दाखवलं. मी सतरंजीवर मांडी घालून बसले आणि विचारलं, "मुकादम, किती मोळ्या झाल्या?"

त्यानं मोजल्या. एक, दोन, तीन, अशा सतरापर्यंत. बोट प्रत्येक मोळीला लावून, एकही न वगळता.

"आणि गाडीत वीस बसतात. अजून किती पाहिजेत?"

तो क्षणभर थांबला, ओठ हलवले. "तीन."

पहिलीच्या पुस्तकात ही वजाबाकी बऱ्याच पुढं येते. त्या दिवसापासून मी माझं शिकवणं बदललं. द्राक्षं आणि जिराफ सोडले नाहीत, पण सुरुवात कोयता, मोळी, वाढं म्हणजे उसाचे शेंडे, कोपी, बैल यांच्यापासून करायला लागले. तो मुलगा महिन्याभरात इतका बोलायला लागला की त्याला गप्प करावं लागायचं. पर्यवेक्षिका पुढच्या भेटीला आल्या तेव्हा मी त्यांना रजिस्टर आणि रबर दोन्ही दिलं. त्यांनी खूण पुसली आणि त्याच्याशी मोळ्यांचा खेळ खेळल्या.

हे काम पैसे घेऊन चालणाऱ्या शाळेत होऊ शकत नाही, असं मी म्हणणार नाही. पण आमच्या भागात तरी मी ते झालेलं पाहिलं नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत तालुक्याच्या गावाला इंग्रजी नावाच्या नर्सऱ्या झाल्या. सकाळी जीप येते, त्यात चार-चार वर्षांची लेकरं कोंबून नेतात. आईबाप मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतून फी भरतात. त्यांना मी दोष देत नाही. आपलं लेकरू कोयत्यातून सुटावं एवढंच त्यांच्या मनात असतं. पण ती लेकरं घरी आली की त्यांच्या हातात दुरेघी वही असते आणि ए ते झेड पाच वेळा. साडेतीन वर्षांच्या लेकराच्या मनगटात अजून तेवढं बळ आलेलं नसतं. ती पेन्सिल मुठीत आवळतात, कागद फाटतो, मार बसतो. मी आयांना माता बैठकीत कणीक मळायला बसवते आणि विचारते, तुमच्या बोटांत हे बळ कुठून आलं? मातीची भांडी, मणी ओवणं, चिंचोके निवडणं, कागद फाडून चिकटवणं, हे सगळं लिहिण्याआधीचं लिहिणंच आहे. काही आयांना पटतं, काहींना नाही. एकीनं मला तोंडावर सांगितलं, "बाई, तुमच्याकडं फुकट हाय म्हनून खेळवताय." त्या रात्री मला झोप लागली नाही. सरकारी आणि फुकट म्हणजे हलकं, ही समजूत पुसायला मला जेवढा जोर लावावा लागला, तेवढा लेकरांना शिकवायला कधी लागला नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षांचा मिळून एक पायाभूत टप्पा मानला, तीन वर्षं बालवाडी आणि पहिली-दुसरी. तो कागद मी माता बैठकीत वाचून दाखवला. ज्याला तुम्ही खेळवणं म्हणता ते शिक्षणाची पहिली पायरी आहे, हे देशाच्या धोरणात लिहिलेलं त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं.

आता एक घटना सांगते, जी मला एकटीला पेलली नसती. एका वर्षी सप्टेंबरात लेकरांचे दंड मोजत होते. एका अडीच वर्षांच्या मुलीच्या दंडाला पट्टी लावली तर माप लाल भागात, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली. वजन घेतलं, उंची घेतली, तीव्र कुपोषित. ग्राम बालविकास केंद्रात घेतलं, दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं भरवायचं सुरू केलं. मावशी तिला मांडीवर घेऊन बसायच्या. लेकरू जरा कुठं सावरायला लागलं आणि मुकादमाचा निरोप आला, टोळी चार दिवसांत निघणार. मी आजीला म्हटलं, हिला ठेवून घ्या. आजीला मोतीबिंदू, चूल दिसत नव्हती. आई म्हणाली, "अंगावर पिती बाई, कशी ठिवू?" ती बरोबर होती. उचल घेतलेली, थांबणंही तिच्या हातात नव्हतं.

मी तिच्या कार्डावर सगळं लिहून दिलं. टोळी कुठल्या गावच्या शिवारात उतरणार ते मुकादमाकडून काढलं. सांगली जिल्ह्यातलं एक गाव. मग पर्यवेक्षिकांनी तिकडच्या प्रकल्पाला फोन लावला, तिथून बीट, बीटमधून सेविका. मी त्या बाईला कधी पाहिलेलं नाही. रात्री साडेआठला मी तिला फोन केला आणि म्हटलं, ताई, आमचं एक लेकरू तुमच्या फडात येतंय. ती म्हणाली, "या म्हणावं, बघते मी." दुसऱ्या दिवशी ती कोप्यांवर गेली. आईबाप फडात, लेकरू कोपीत पाच वर्षांच्या भावाजवळ. तिनं दोघांनाही अंगणवाडीत नेलं. आठवड्याला ती मला दंडाचं माप सांगायची. पाडव्याला टोळी परतली तेव्हा पट्टीवरचं माप पिवळ्यात होतं. हिरव्यात यायला आणखी बरेच महिने लागले आणि ती मुलगी आजही वयाच्या मानानं बारीकच आहे. पण ती आहे.

मला त्या वेळी पहिल्यांदा उमगलं की सरकारी पैशानं चालणं म्हणजे काय. माझ्या लेकराला तीनशे किलोमीटरवर दार उघडलं, कारण ते दार कुणाच्या मालकीचं नव्हतं. तिथल्या सेविकेनं हे लेकरू आमच्या गावचं नाही असं म्हटलं नाही, आणि म्हणायचा तिला अधिकारही नव्हता. जी माणसं वर्षातले सहा महिने दुसऱ्याच्या शिवारात राहतात, त्यांच्या लेकरांना अशीच व्यवस्था पोचू शकते, जी दोन्ही शिवारांत सारखी आहे.

माझी भाची पुण्यात अर्थशास्त्र शिकते. सुट्टीला आली की माझ्या रजिस्टरांत डोकं घालते. तिनं मला अमेरिकेतला एक प्रयोग सांगितला. मिशिगन राज्यातल्या यप्सिलांटी गावात 1962 ते 1967 या काळात गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या 123 लेकरांपैकी काहींना चांगली बालवाडी दिली, काहींना दिली नाही, आणि मग पुढं कित्येक दशकं त्यांचा माग ठेवला. बुद्ध्यांकातला फरक काही वर्षांत पुसला गेला. तिथंच थांबले असते तर पैसा वाया गेला असं म्हटलं असतं. पण चाळिशीला आली तेव्हा बालवाडीत गेलेली माणसं जास्त शिकलेली, जास्त कमावणारी होती आणि गुन्ह्यांत कमी अडकलेली होती. पुढं जेम्स हेकमन या नोबेल मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, तर त्यांच्या भावंडांचंही भलं झालेलं दिसलं, जी त्या बालवाडीत कधी गेलीच नव्हती. भाची हे सांगत होती आणि मी तिला मध्येच थांबवलं. तिला म्हटलं, मारुतीच्या देवळाकडं चल, एक पायरी दाखवते.

तिनं दुसरा अभ्यास सांगितला तो तमिळनाडूतला. 640 अंगणवाड्यांपैकी निम्म्यांत अर्ध्या वेळेची एक जादा बाई दिली, फक्त लेकरांना शिकवायला. दीड वर्षानं पाहिलं तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झालेला, भाषा-गणित सुधारलेलं, आणि कुपोषणही कमी, कारण जुन्या सेविकेला घरभेटींना आणि आहाराला वेळ मिळाला. हे मला आकड्यांशिवायही पटलं असतं. माझा दिवस कसा जातो? लेकरं गोलात बसलेली असतात आणि फोनवर हजेरीचा फोटो चढत नाही, डोंगरात रेंज नाही. गरोदर बाईची नोंद, सर्वेक्षण, मतदार यादी, कुणाची तरी मोहीम. लेकरू गोष्ट अर्धी ऐकून माझ्या पदराला धरतं, "बाई, मग कोल्हा कुठं गेला?" आणि मी फॉर्म भरत असते. आम्ही संपावर गेलो, मोर्चाला मुंबईला गेलो, ते मानधनासाठी, आणि ते योग्यच होतं. केंद्रानं आपला वाटा 2018 मध्ये 3000 वरून 4500 केला, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. पण मला कुणी विचारलं की पैसा आणखी कुठं घाला, तर मी म्हणेन, दुसरी बाई द्या. कोल्हा कुठं गेला ते सांगायला एक माणूस मोकळं पाहिजे.

त्या थोरलीचं सांगायचं राहिलं. ती दहावीपर्यंत शिकली. सतराव्या वर्षी तिचं लग्न लावलं. मी घरी गेले, हात जोडले, मला ते थांबवता आलं नाही. ही सल आहे. ती माहेरी आली की भेटते. दोन लेकरांची आई, लसीचं कार्ड स्वतः वाचते, आणि कोयत्याला गेली नाही. बचतगटाची वही लिहिते. धाकटा ट्रॅक्टर चालवतो. नऊ दिवसांचं रडणं त्याला अर्थातच आठवत नाही.

यंदाही दसरा जवळ आलाय. पंधरा लेकरं जाणार. मी प्रत्येकाचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, त्यावर माझा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून आयांच्या हातात दिलं. कोणती टोळी कुठं उतरणार याची यादी केली, चार ठिकाणच्या सेविकांना फोन झाले, तीन राहिलेत. काल खिचडीनंतर चार वर्षांची एक मुलगी घरी जायच्या आधी परत आत आली. तिच्या हातात तिनं बांधलेल्या तुराट्यांच्या मोळ्या होत्या, चिंधीच्या गाठी मारलेल्या. म्हणाली, "बाई, ह्या ठिवा. कुनी सोडायच्या न्हाईत." मी विचारलं, किती आहेत? तिनं बोट लावून मोजल्या, सहा. आता अंगणवाडीला इमारत आहे, तिच्या खिडकीवर एक उंच फळी आहे, धाकट्यांचा हात पोचत नाही अशी. तिथं ठेवल्यात.